थकबाकीदार नाणं

आमच्या सोसायटीतले नाना बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले, पण काउंटरवरून काही उठले नाहीत. हल्ली ते टॉसचे हिशेब सांभाळतात. ओळीने तीन छापे पडले, की नानांच्या लेखी नाण्याकडे काटा येणं निघतो.

2025च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. 2023च्या वर्ल्ड कप फायनलपासून भारत वनडेत टॉस हरतच होता. दर मॅचला नाना खुर्चीत पुढे सरकून जाहीर करत, "आज आपलाच. किती थकलंय बघा!" दुबईच्या फायनलला ओळीने 15वा टॉस गेला, तेव्हा म्हणाले, "चढू दे व्याज." स्पर्धेतले पाचही टॉस हरून आपण कप जिंकला, ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ नोंद.

नानांचं दुकान बंद पडत नाही, कारण छापा-काट्यात डोळे मिटून बोललं तरी साधारण निम्म्या वेळा खरं ठरतं. खरं ठरलं की "म्हटलं नव्हतं?" गच्चीपर्यंत ऐकू येतं, चुकलं की थकबाकी वाढते आणि पुढचं भाकीत आणखी पक्कं होतं. इतका बिनतोट्याचा धंदा ज्योतिषांनाही जमलेला नाही. एकदाच पंचाईत झाली. दोन मुलींवर "आता मुलगाच" असं त्यांनी शेजारी ठणकावून सांगितलं होतं. तिसरी मुलगी झाली. "मग चौथ्याला तर..." म्हणेपर्यंत बाळाच्या आईने दार लावून घेतलं.

बारावीतली नात त्यांना समजवायला जाते. "आजोबा, ओळीने पाच छापे पडण्याची शक्यता 32त 1, कबूल. पण चार पडून गेल्यावर पाचव्याची निम्मीच. नाण्याला मागचं काही आठवत नाही."

"थकबाकीदार सगळे हेच सांगतात," नाना म्हणाले.

मग तिने जॉन केरिच काढला. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना या गणितज्ञाने नाणं 10,000 वेळा उडवलं. छापे आले 5,067. "बघा, जवळजवळ निम्मे! फरक कुणी फेडत नाही आजोबा, एवढ्या फेकींच्या गर्दीत तो दिसेनासा होतो."

नानांनी तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली.

"काटे 4,933. म्हणजे 134 काटे येणे बाकी! आणि हिशेब अपुरा असताना त्या माणसाला सोडला कुणी?"