कढीपत्त्याखालचा तोफखाना

बागेतले पक्षी, फुलपाखरं आणि फुलं यांचे फोटो काढण्याचा छंद पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत साधारणपणे निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात जडतो. पहिला महिना पेन्शनच्या कागदपत्रांत जातो. दुसऱ्या महिन्यात परदेशातला मुलगा विचारतो, "बाबा, वेळ कसा जातो?" आणि उत्तराची वाट न बघता कॅमेरा पाठवून देतो. अशा नवसाधकांची संख्या वाढत असूनही त्यांच्यासाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन उपलब्ध नाही. ती उणीव दूर करण्याचा हा अल्प प्रयत्न. साधकाचा उल्लेख यापुढे 'काका' असा केला आहे. काकूंना मार्गदर्शनाची गरज का नाही, ते ओघात कळेल.

प्रथम साहित्य. लेन्स हातभर लांब असावी. सोसायटीत तिला तोफ म्हणतात, आणि काकांना ते मनातून आवडतं. जंगलात घालतात तसे हिरव्या-मातकट ठिगळांचे कपडे घ्यावेत. हे कपडे घालून जास्वंदीमागे उभ्या असलेल्या काकांना शिंपी पक्षी तात्काळ ओळखतो. वॉचमन ओळखत नाही. खिशात जादा बॅटरी असावी, म्हणजे आयत्या वेळी दोन्ही बॅटऱ्या उतरल्याचं लक्षात येतं. काकूंचं साहित्य: झारी, खुरपं आणि लांबचा चष्मा.

वेळेबाबत शास्त्र स्पष्ट आहे. पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. फुलपाखरांना उडण्याआधी अंग तापवावं लागतं, म्हणून ती थोडी उशिरा, ऊन पानांवर उतरलं की पंख पसरून बसतात. ती बसलेली असतात तोच मोका. फुलांसाठी ढगाळ दिवस सर्वांत चांगला, कारण सावल्या मऊ पडतात आणि पांढऱ्या तगरीची पाकळी भाजल्यासारखी दिसत नाही. हे सगळं काकांनी पुस्तकात वाचून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. प्रत्यक्षात पेपर, आंघोळ, पूजा आणि दुसरा चहा आटोपून काका साडेअकराला बाहेर पडतात. तेव्हा ऊन डोक्यावर असतं, निम्मं पान पांढरंफटक आणि निम्मं काळं येतं आणि काका म्हणतात, कॅमेऱ्यात दोष दिसतोय.

फोकस डोळ्यावर असावा. शेपूट धूसर चालते, डोळा धूसर चालत नाही. कॅमेरा त्या जिवाच्या नजरेच्या उंचीवर आणावा. सरड्याच्या बाबतीत याचा अर्थ जमिनीवर पालथं झोपणं. मे-जूनमध्ये बागेतल्या नर सरड्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो, आणि कुंपणावर बसून तो जोर काढतो. दृश्य खरोखर बघण्यासारखं असतं. झोपणं सोपं आहे. उठताना मात्र कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि हाक मारली की सरडा जातो.

चैत्रात तांबट बोलायला लागतो. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसा त्याचा टुक् टुक् टुक् दिवसभर चालतो, आणि काका दिवसभर वर बघत फिरतात. तांबट सापडत नाही त्याचं कारण असं की तो चोच मिटूनच आवाज काढतो आणि मान इकडून तिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. शिवाय अंग हिरवं. त्याला पानांत शोधू नये. सकाळच्या पहिल्या उन्हात तो उंच वाळक्या फांदीच्या टोकावर येऊन बसतो. तिथे त्याचं लाल कपाळ आणि पिवळा गळा बिनबोभाट दिसतो. ही माहिती काकांना काकूंनी दिली. ती काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'माझे एक निरीक्षण' म्हणून टाकली.

कोकिळेबद्दल एकच वाक्य: जो काळा असतो आणि गातो तो नर, आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली जी गप्प बसलेली असते ती त्याची मादी, 'दुर्मीळ शिकारी पक्षी' नव्हे.

आता घरट्याचा अध्याय. तो मोठा आहे, कारण त्यात घराची शांतता गुंतलेली आहे. शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, माणसांच्या इतक्या जवळ घरटं करतो की त्याला निर्भय म्हणावं की निष्काळजी, हे कळत नाही. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर एके दिवशी कोळ्याच्या जाळ्याचं एक लोंबकळणारं भेंडोळं दिसतं. चारच दिवसांत त्याची बाजूने दार असलेली पिशवी होते, दारावर छोटीशी वळचण येते आणि बाहेरून सालीचे तुकडे, सुकी पानं, अळ्यांची लेंडी असलं काहीबाही चिकटवलेलं असतं. त्यामुळे घरटं झाडून टाकायच्या कचऱ्यासारखं दिसतं, आणि घरची झाडलोट करणाऱ्या बाईंना वेळीच सांगितलं नाही तर तसंच होतं. बहुतेक बांधकाम मादीच करते. निळ्या-जांभळ्या तेजात न्हालेला नर शेजारी बसून गातो. या कामवाटपावर काकूंनी आजवर मत दिलेलं नाही.

इथून पुढे महिनाभर, म्हणजे अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत, त्या तारेवर कपडे वाळत घालता येत नाहीत. काकांचे नियम: घरट्याला हात लावू नये, फ्लॅश मारू नये, 'फोटो स्वच्छ यावा' म्हणून आडवी आलेली पानं कापू नयेत. ती पानं म्हणजे त्या पिल्लांची सावली असते आणि कावळ्यापासूनचा पडदाही. फोटो काढायचाच तर खोलीतला दिवा मालवून पडद्याच्या फटीतून, लांबून, आणि लवकर आटोपून. एक खूण कायम ध्यानात ठेवावी: चोचीत अळी किंवा कोळी धरून मादी जवळच्या फांदीवर थांबून राहिली, पुढे जाईना, तर ती काकांच्या जाण्याची वाट बघत असते. अशा वेळी काकांनी जावं. काका एकदा जातात, मग परत येतात, मग 'शेवटचा एकच' म्हणतात. पिल्लांची जेवणाची वेळ टळते ती या 'एकच'मुळे, आणि इथे विनोद करण्यासारखं काही नाही.

या विद्येचे आद्य गुरू कोण, असं विचारल्यास एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचं नाव घ्यावं. जन्म १८५१, साताऱ्याचा. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात. 'ईएचए' या सहीने त्यांनी लिहिलेलं 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक १८८३ साली आलं. त्यात वाघ-सिंहांच्या ऐवजी बंगल्यातले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे आणि बेडूक आहेत, आणि ते हसत हसत वाचता येतं. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते. दुसरे गुरू सलीम अली. १९३० साली जर्मनीहून परतल्यावर त्यांना नोकरी उरली नव्हती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ते बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. तोवर हे कोणी नीट मांडलेलं नव्हतं. यातून काकांनी घ्यायचा बोध असा की रिकामपण असावं तर असं. काका यातून 'जर्मनी' एवढंच घेतात आणि जर्मन बनावटीच्या लेन्सची किंमत बघतात.

पावसाळा हा बुरशीचा काळ. बुरशी लेन्सच्या काचेवर आतून धरते आणि मग दुरुस्तीचा खर्च विचारायची सोय राहत नाही. उपाय: सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डबा. घरात चांगला हवाबंद डबा एकच असतो आणि त्यात पापड असतात. या विषयावर आषाढात जी चर्चा होते ती इथे देता येत नाही.

पावसाळ्यातलं खरं नाट्य कढीपत्त्यावर घडतं. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालणारी फुलपाखरं कढीपत्त्यावरही येतात. त्यांच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणजे खाण्याची इच्छा कोणालाच होऊ नये. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचल्या तर डोक्यामागून नारिंगी शिंगाचा काटा बाहेर काढून घाण वास सोडतात. काका त्यांना चिमट्याने मुद्दाम डिवचतात. करू नये. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेलं, काळ्या-निळ्या पंखांचं थोराड ब्लू मॉरमॉन याच गोतातलं. ते पपनस, लिंबू अशा झाडांवर अंडी घालतं. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, हे काका अभिमानाने सांगतात. मात्र दारातल्या लिंबाची पानं कुरतडलेली दिसली की फवारणीवाल्याला फोनही तेच करतात. काकूंची व्यवस्था जुनी आहे: शेंड्याकडची पानं फोडणीला, खालच्या दोन फांद्या अळ्यांना. आमटीला कधी कढीपत्ता कमी पडलेला नाही.

कण्हेरीची पानं उलटून बघावीत. पानाखाली कधी चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत कोष लटकलेला दिसतो. तो 'कॉमन क्रो' नावाच्या, दिसायला साध्या तपकिरी-काळ्या फुलपाखराचा. या कोषाचा फोटो अवघड, कारण त्यात काकांचंच प्रतिबिंब येतं.

ब्रह्मकमळाला इथे टाळता येणार नाही. रात्री साडेदहाला शेजारच्यांना बोलावणं जातं, हळदकुंकू वाहिलं जातं आणि काका फ्लॅश मारतात, त्यामुळे फुलाऐवजी पांढरा डाग येतो. फ्लॅश बंद करावा, बाजूने टॉर्च धरून त्यापुढे पातळ पांढरा रुमाल ठेवावा आणि मागची भिंत अंधारात राहू द्यावी. आज फूल उमलणार की उद्या, हे ओळखायचं तर कळीच्या मानेकडे बघावं. खाली झुकलेली कळी वर उचलली गेली की जागरणाची तयारी करावी. हे झाड मेक्सिकोकडून आलेलं निवडुंगाच्या जातीचं असून हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच, ही माहिती उपस्थितांना त्या रात्री सांगू नये. काका सांगतात.

आणि रुई. कुंपणाशी आपोआप एक रुई उगवते. तिच्यावर नारिंगी-काळ्या 'प्लेन टायगर' फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या वाढतात. रुईच्या चिकातलं विष त्यांच्या अंगात मुरतं, म्हणून पक्षी त्या फुलपाखराला तोंड लावत नाहीत. दुसऱ्या एका जातीची मादी तर नुसता तसाच वेश घेऊन वाचते, आणि तिची अळी घोळीची भाजी खाते. एवढी सगळी गुंतागुंत एका फुकटच्या झुडपावर आणि एका पालेभाजीवर उभी असते. दर दिवाळीच्या आधी कमिटी 'स्वच्छता' म्हणून रुई तोडते, घोळ उपटते, जिथे माती दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक बसवते, आणि मग वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणतं की हल्ली फुलपाखरं पूर्वीसारखी दिसत नाहीत. कशी दिसतील? विषयपत्रिकेवर हा मुद्दा कधीच येत नाही, पार्किंग येतं.

ऑक्टोबरच्या सुमारास शेपटी वरखाली करत धोबी येतो, मागोमाग शेपटी थरथरवणारा थिरथिरा. हे दोघे उघड्यावर बसतात, त्यांच्यावर हात बसवावा. पुढे वटवट्ये येतात, तिथे मात्र मैत्र्या तुटतात. हिरवट-करडे, बोटभर, पानापानांतून सतत हलणारे. फोटोत एक तर पान येतं किंवा पक्षी उडून गेलेली जागा. काका प्रत्येकाचं नाव ठासून सांगतात. विणीचा हंगाम संपलेला नर शिंजीर जुना मळका सदरा घातल्यासारखा दिसतो, छातीवर तेवढी एक काळी पट्टी उरते. त्यालाही काकांनी नवी जात म्हणून जाहीर केलं होतं.

फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या या गणनेत भारत २०१३ पासून आहे. नियम सोपा: कुठेही, अगदी गॅलरीतही, किमान १५ मिनिटं थांबायचं आणि जे दिसेल, ऐकू येईल ते मोजून ईबर्डवर नोंदवायचं. फोटो लागत नाही. हे शेवटचं वाक्य काकांना मान्य नाही. यादीत वटवट्या हवा म्हणून ते तोफ घेऊन शेवग्याखाली जातात. काकू गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या असतात: कावळे सात, कबुतरं अकरा, साळुंक्या दोन, तांबट एक, फक्त आवाज. "कावळे काय मोजतेस?" काका खालून ओरडतात, आणि काकूंना साळुंक्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागतात.