उंची १.८ मीटर

पंतप्रधानांना हेलिकॉप्टरमध्ये ताठ उभं राहता यायला हवं की नको, हा आपल्याकडे एकेकाळी संरक्षण खरेदीतला कळीचा मुद्दा होता. २००२ मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी नव्या हेलिकॉप्टरांची निविदा निघाली. अट होती ६,००० मीटर उंचीवर उडता येण्याची. त्या अटीत एकच हेलिकॉप्टर बसलं. एकच उरलं म्हणजे स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही म्हणजे उद्या ऑडिटवाले मानगुटीवर बसणार. मग २००३ मध्ये दिल्लीत बैठक झाली आणि राष्ट्रपती-पंतप्रधान एवढ्या उंचीवर सहसा जातच नाहीत, असा शोध लागला. अट ४,५०० मीटरवर आली. त्याच दमात आणखी एक अट शिरली: केबिनची उंची किमान १.८ मीटर हवी. आकाश दीड किलोमीटरने खाली आलं, छत मात्र वर गेलं.

यातली खरी गंमत महालेखापालांनी (म्हणजे कॅगने) २०१३ च्या अहवालात सांगितली. स्पर्धा वाढावी म्हणून अटी बदलल्या. बदललेल्या अटींमुळे शेवटी पुन्हा एकच हेलिकॉप्टर उरलं. फक्त या वेळी दुसरं. ऑगस्टा वेस्टलँडचं एडब्ल्यू-१०१. त्याच्या चाचण्या झाल्या परदेशात, आणि त्याही त्या हेलिकॉप्टरवर नव्हेत, त्याच्या भाऊबंदांवर, कारण आपल्याला हवं होतं ते अजून तयारच व्हायचं होतं. केबिनचा तर नुसता साचा दाखवला. त्यात उभं राहून बघितलं असेल कुणीतरी, डोकं आपटलं नाही म्हणून बरोबरची खूण केली असेल. २०१० मध्ये बारा हेलिकॉप्टरांचा सुमारे ३,६०० कोटींचा करार झाला, इटलीत लाचखोरीचं प्रकरण निघालं, आणि १ जानेवारी २०१४ रोजी करार रद्द. तोवर आलेली तीन पालमला उभी राहिली. उंची उतरवली वाजपेयींच्या काळात, सही झाली मनमोहन सिंगांच्या काळात. त्यामुळे या विषयावर संसदेत दोन्ही बाकांवरून सारख्याच आवेशाने बोलता येतं.

पण ६,००० मीटरवर जाणारे लोक या देशात आहेत. त्यांच्यासाठी कुणी बैठक बोलावली नाही, एवढंच. सियाचिनच्या वरच्या चौक्या त्याहूनही उंच आहेत. तिथे रॉकेलचे कॅन, औषधं, पत्रं घेऊन जातं आणि हिमदंश झालेल्या जवानाला खाली आणतं ते चीता हेलिकॉप्टर. हेलिपॅड म्हणजे बर्फात दाबून बसवलेली जेमतेम जागा. वैमानिक इंजिन बंद करत नाही, नीट टेकतही नाही. सामान ढकलायचं, माणूस ओढून घ्यायचा आणि काही क्षणांत कड्यावरून खाली झेपावायचं. तिथल्या विरळ हवेत एक कॅन जास्त झाला तरी हिशेब चुकतो.

आता या चीताची जन्मकथा ऐका, कारण आज ती परीकथा वाटेल. १९६८ मध्ये भारताने सांगितलं की उंच, विरळ हवेत चालणारं हलकं हेलिकॉप्टर हवं. फ्रेंचांनी उगाच नवीन डोकं चालवलं नाही. अलुएट-२ चा सांगाडा घेतला, त्याला अलुएट-३ चं इंजिन आणि पंखे लावले, आणि मार्च १९६९ मध्ये यंत्र उडालं. नाव लामा. त्याच वर्षी ते हिमालयात साडेसात हजार मीटरवर उतरवून परत उडवूनही दाखवलं. १९७२ मध्ये एका फ्रेंच वैमानिकाने ते १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. वर इंजिन बंद पडलं, गडी नुसत्या पंख्यांच्या भरवशावर खाली उतरला. भारताने लामाचा परवाना घेतला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते इथे बांधलं आणि नाव ठेवलं चीता. मागणी केली, यंत्र आलं, डोंगरावर चढलं. कॅगला लिहायलासुद्धा काही उरलं नाही.

हे एवढं सुरळीत झालं म्हणूनच बहुधा ते आपल्या पचनी पडलं नाही.

चीता आणि त्याचा थोरला भाऊ चेतक म्हातारे झाले, तेव्हा लष्कराने १९७ नव्या हलक्या हेलिकॉप्टरांची मागणी केली. चाचण्या झाल्या, युरोकॉप्टरचं फेनेक ठरलं. डिसेंबर २००७ मध्ये, सहीचं पेन उघडल्यावर, सगळं रद्द. चाचणीला आणलेलं हेलिकॉप्टर लष्करी नसून नागरी होतं, अशी तक्रार होती. २००८ मध्ये पुन्हा निविदा, पुन्हा चाचण्या. ऑगस्ट २०१४ मध्ये तीही रद्द. २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्हचा करार झाला, फोटोही छान आले. मग त्यातला किती भाग भारतात बनणार यावर घासाघीस सुरू झाली आणि गाडी तिथेच रुतली. दरम्यान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जुन्या चीताला नवं इंजिन बसवून त्याला चीतल म्हटलं. प्राणी बदलला की प्रश्न सुटतो, असं वाटलं असावं. खरे चित्तेसुद्धा कोर्टकचेऱ्या पार करून २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोत पोहोचले.

२०१५ मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींचा एक गट तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटला होता. मागणी साधी होती: ही जुनी हेलिकॉप्टरं उडवणं थांबवा. आमच्या नाशिकला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे तरुण वैमानिक याच चीता-चेतकवर शिकतात. आजोबांनी चालवलेली गाडी नातवाने चालवावी, हे कौतुक सायकलपुरतं ठीक आहे.

हे असं का होतं, याचं उत्तर तंत्रज्ञानात शोधणारे अभ्यासू लोक आहेत. मला ते कारकुनीत दिसतं. बोफोर्सपासून एक गोष्ट साऊथ ब्लॉकच्या भिंतींनाही पाठ आहे: खरेदी केली म्हणून चौकशी लागते, खरेदी न केल्याबद्दल आजवर कुणाला नोटीस आलेली नाही. निविदा रद्द करणारा सचिव स्वच्छ प्रतिमेने निवृत्त होतो. मग कोण कशाला सही करील? सोसायटीची लिफ्ट बदलायची वेळ येते तेव्हा सेक्रेटरी आणखी तीन कोटेशन मागवतो ना, तेच. फरक एवढाच की सोसायटीत तोवर जिने चढता येतात.

लढाऊ विमानांची कथा तुम्हाला तोंडपाठ असेल, म्हणून थोडक्यात. २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली, सहा विमानं रांगेत. बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचं ऊन, लेहची थंडी, सगळीकडे उडवून बघितली. २०१२ मध्ये राफेल सर्वांत स्वस्त ठरलं. मग तीन वर्षं वाद एकाच गोष्टीवर: आपल्या कारखान्यात बनणाऱ्या १०८ विमानांची हमी कुणी द्यायची? फ्रेंच म्हणाले, आम्ही नाही. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान पॅरिसला गेले आणि तयार ३६ घेतो म्हणाले. रुग्ण १२६ गोळ्यांचा होता, डॉक्टर म्हणाले ३६ घ्या, बाकीचं पुढच्या खेपेला बघू. २०१८ पासून ११४ विमानांची वेगळी फाइल फिरू लागली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली. १९६३ मध्ये तिथेच तिची पहिली तुकडी उभी राहिली होती. मंजूर ४२ तुकड्यांपैकी २९ उरल्या. समारंभ मात्र देखणा झाला, त्यात कसर नव्हती.

आता स्वदेशीवाले बाह्या सरसावतील. खरं आहे, प्रचंड हे आपलंच हेलिकॉप्टर आहे आणि ते खरोखर उंचावर चढतं. कारगिलमध्ये २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर आपलं एमआय-१७ पाडलं गेलं, तिथे त्याची गरज कळली. जोधपूरला ते दलात दाखल झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये. आणि मार्च २०२५ मध्ये १५६ ची ऑर्डर निघाली. उशीर झाला, पण यंत्र हाती आलं. तेजसचं तसं म्हणवत नाही. प्रकल्प १९८३ चा. २०२१ मध्ये मागवलेल्या ८३ विमानांची इंजिनं अमेरिकेतून येता येईनात आणि हवाई दलप्रमुखांना बंगळुरूच्या प्रदर्शनात, सगळ्यांसमोर, हिंदुस्थान एरोनॉटिक्सवर भरवसा वाटत नाही असं सुनवावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहून पहिलं नाशिककर तेजस उडालं. जिथे मिग-२१ बांधली, तिथेच. नाशिककरांना आनंद झाला, मलाही झाला. हवाई दलाला मात्र उड्डाणाचा पेढा नको, ताब्यात विमान हवं.

चीताच्या जागी यायचं ते आपलं हलकं हेलिकॉप्टरही २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्यासाठी तुमकुरूला मोठा कारखाना उभा राहिला. उद्घाटन २०२३ मध्ये झालं. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हलक्या हेलिकॉप्टरांसाठी कंपन्यांकडून नव्याने माहिती मागवली: लष्कराला १२०, हवाई दलाला ८०. माहिती मागवणं म्हणजे निविदा नव्हे, निविदा म्हणजे चाचणी नव्हे, चाचणी म्हणजे करार नव्हे. आणि करार म्हणजे काय ते वर आलंच आहे. पण निराश व्हायचं कारण नाही. २००७ मध्ये रद्द झालेली मागणी १९७ हेलिकॉप्टरांची होती. आता ती २०० ची आहे. अठरा वर्षांत तीनची वाढ, तीही कागदावर आणि एक पैसाही खर्च न करता.