चकाकीचा पंचनामा

मुंबईच्या लोहार चाळीत दिवे घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी क्रोममध्ये स्वतःचा चेहरा बघतं, भांग सारखा करतं आणि मग भाव विचारतं. दुकानदाराला तेवढं पुरतं.

वास्तविक सजावटी क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनहूनही पातळ. गंजाशी झुंजतं ते त्याखालचं निकेल. मिरवतं मात्र क्रोम. (कचेऱ्यांतही हेच चालतं.)

झुंबर उलटं करून बघावं. स्क्रूच्या भोकाची कड, वेल्डिंगचा सांधा, कोपरे – तिथे पिवळट झाक किंवा बारीक फोड दिसले, तर मुलामा कच्चा. टिचकी मारल्यावर बद्द वाजलं, तर प्लास्टिक. चुंबक घट्ट चिकटला, तर आत लोखंड. वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत त्यावर तांबडे ठिपके उठायला वेळ लागत नाही. पितळेला चुंबक चिकटत नाही, किंमत मात्र चिकटते.

आणि ‘लाइफटाइम गॅरंटी’ बिलावर लिहून मागावी. तिथे पेन हमखास चालत नाही.