काचा वर की काचा खाली?

पुण्यात राहणाऱ्या माणसाला बेस पैसे मोजून घ्यावा लागावा, हे खरं तर नवलच. भाद्रपदात दहा दिवस तो घरपोच मिळतो, फुकट मिळतो, आणि नको म्हटलं तरी मिळतो. लग्नसराईत वरातीचा टेम्पो गल्लीत शिरला की कोणतं गाणं चालू आहे हे आधी मांडणीतल्या भांड्यांना कळतं, मग आपल्याला. तरीही मला माझा स्वतःचा, खाजगी, गाडीतला बेस हवा होता.

कारण होतं पखवाज. सकाळी ऑफिसला जाताना मी अभंग लावतो. पण कंपनीने दारांत बसवलेल्या त्या चिमुकल्या स्पीकरांतून पखवाज ऐकला की वाटतं, डाव्या तोंडाला लावलेली कणीक कोणीतरी पोळ्या लाटायला काढून नेली असावी. वरचे बोल सगळे येतात, खालचा धुमकारा तेवढा येत नाही. ही व्यथा मी पुतण्याला सांगितली. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे जगातला कोणताही प्रश्न त्याला सोपा वाटतो. "काका, सबवूफर टाका," तो म्हणाला, आणि रविवारी मला नाना पेठेत घेऊन गेला.

तिथल्या फिटरने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "सील्ड बनवू का पोर्टेड?"

मी पुतण्याकडे बघितलं. तो याच क्षणासाठी जन्मला होता.

वूफरला मुळात बॉक्स लागतो तो एका घरगुती भांडणामुळे. पडदा पुढची हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की परस्परांना खाऊन टाकतात, आणि खालच्या सुरांत हाती शून्य उरतं. म्हणून मागचा आवाज कोंडून ठेवायचा. सील्ड बॉक्स त्याला जन्मठेप देतो. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखं काम करते आणि पडद्याला लगाम घालते. पोर्टेड बॉक्स मात्र त्याला चांगल्या वर्तणुकीवर सोडतो: मागचा आवाज एका नळीतून असा फिरवून बाहेर काढायचा की ठरावीक सुराला तो पुढच्या आवाजाच्या हातात हात घालूनच बाहेर पडेल. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा येतो, तोच नियम. बाटलीचं पोट आणि मान बदलली की सूर बदलतो.

हे सगळं जुनं आहे. नळीची युक्ती बेल लॅबच्या आल्बर्ट थुरास यांनी काढली, १९३२ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. बंद डब्यातल्या हवेची स्प्रिंग करायची कल्पना अमेरिकेतल्याच एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली बाजारात आणली, आणि तोवर कपाटाएवढे असणारे स्पीकर फडताळात मावू लागले. तरी बॉक्सचं माप काढणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसेच होतं. ते शिस्तीत आणलं ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात वूफरचे सगळे गुणधर्म आकड्यांत मांडले. तेव्हापासून प्रत्येक चांगल्या वूफरबरोबर एक कागद येतो, आणि तो कागद म्हणजे पत्रिका. एफएस, क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस ही घरं. एफएसला क्यूईएसने भागायचं. उत्तर पन्नासच्या आसपास किंवा खाली आलं तर स्थळ सील्डचं, शंभरकडे झुकलं तर पोर्टेडचं. मधे आलं तर दोन्ही चालतं, म्हणजे मुलाकडचे ठरवतील तसं.

पुतण्याने मोबाइलवर भागाकार केला. आमचा वूफर बरोब्बर मधे आला.

"पोर्टेडच घ्या काका," पुतण्या म्हणाला. "त्याच अँपवर साधारण तीन डेसिबल जास्त मिळतात. म्हणजे अँप दुप्पट ताकदीचा घेतल्यासारखंच."

फिटर म्हणाला, "आणि नळीच्या सुराच्या खाली गेलं की पडद्याला धरायला कोणी नसतं. सबसॉनिक फिल्टर नाही लावला तर वूफर आपटून आपटून फाटतो. महिन्यात परत येतात पोरं."

"पण सील्डचा आवाज खाली गेला की पडतो. दर सप्तकाला बारा डेसिबल."

"पोर्टेडचा चोवीस पडतो. फक्त उशिरा पडतो."

दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच वाद मिटेना. मी चहा सांगितला आणि गाळ्याच्या पायरीवर बसून बाकीची गिऱ्हाइकं न्याहाळू लागलो. आणि कुठल्याच सूत्रात नसलेली एक गोष्ट तिथे दिसली.

पोर्टेडवाला आपली गाडी तपासायला कधी आत बसत नाही. फिटर गाणं लावतो, दारं उघडी टाकतो, आणि मालक दहा पावलं लांब, हाताची घडी घालून रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. नंबरप्लेट थरथरते का, डिकीचं झाकण वाजतं का, समोरचा टपरीवाला मान वळवतो का, हे तो पाहतो. टपरीवाल्याने शिवी घातली की त्याचा चेहरा उजळतो. याउलट सील्डवाला आत बसतो, दार लावतो, चारही काचा वर करतो आणि डोळे मिटतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक झोपलं.

आणि भौतिकशास्त्रही या दोघांना याच क्रमाने फळ देतं. ३५ हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ दहा मीटर लांब असते. आमची गाडी, करात सवलत मिळावी म्हणून कंपनीने कापून-कातरून बसवलेली, चार मीटरच्या आत. एवढी लाट गाडीत मावतच नाही. मग काचा बंद असल्या की वूफर लाट सोडायच्या भानगडीत न पडता आतली सगळी हवाच एकदम दाबतो आणि सोडतो. त्यामुळे जसजसा सूर खाली जातो तसतसा गाडीतला आवाज आपसूक चढत जातो, आणि कागदावर या चढाचा वेगही सप्तकाला बारा डेसिबलच. सील्ड बॉक्सचा उतार आणि गाडीचा चढ एकमेकांवर बेतून घेतल्यासारखे बसतात. पुण्यात आपोआप बुजणारा हा एकमेव खड्डा असावा. अर्थात दारांच्या फटींतून थोडं काम निसटतंच, पण ते पुण्याच्या रीतीला धरून आहे.

काचा खाली केल्या की ही सगळी मदत गळते. तिथे मग नळीने कमावलेले तीन डेसिबलच कामी येतात. म्हणजे सील्ड बॉक्स ऐकणाऱ्याचा, पोर्टेड बॉक्स ऐकवणाऱ्याचा. यात कमीजास्त काही नाही. ऐकवणारे नसते तर मिरवणुका निघाल्या नसत्या. कायदाही त्यांच्याशी जरा नरमाईनेच वागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण हे माप माणसाच्या कानासारखं वजन देऊन काढतात, आणि त्या वजनात ३१.५ हर्ट्झचा आवाज सुमारे ३९ डेसिबलने कमी धरला जातो. काचा थरथरत असताना मीटर मात्र शांत राहू शकतो. भांड्यांची साक्ष मीटरला चालत नाही.

हे सगळं मी घरी येऊन सौभाग्यवतींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. थुरास झाले, व्हिल्चर झाले, दहा मीटरची लाट झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण डिकीत काय उरणार?"

या प्रश्नाला थील-स्मॉल या जोडीकडे उत्तर नाही. मी कागद-पेन्सिल घेतली. आमच्या गाडीची डिकी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २६८ लिटरची. बारा इंची वूफरला सील्ड बॉक्स आतून साधारण २८ लिटर लागतो, पोर्टेड ५० ते ६०. त्यावर १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या भिंती आल्या. बाहेरून सील्ड चाळीस लिटरच्या आसपास राहतो, पोर्टेड ऐंशीच्या घरात जातो. शिवाय नळीच्या तोंडासमोर मोकळी जागा सोडावी लागते; तिथे बॅग ठेवली की नळी गुदमरते.

"म्हणजे मे महिन्यात रत्नागिरीहून येताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या? तुमच्या नळीसमोर?"

"नाही, मी सील्डच म्हणत होतो," मी म्हणालो. हे खरंही होतं. पण अशा वेळी खरं बोललेलंही माघार घेतल्यासारखं ऐकू येतं.

पुढच्या रविवारी बॉक्स बसला. फिटरने सांधे सिलिकॉनने बुजवले, वरून काळं कार्पेट चढवलं आणि बेस कमी-जास्त करायचा छोटा नॉब डॅशबोर्डखाली डाव्या अंगाला बसवला, कारण वायर तिकडूनच आली होती. मी आत बसलो, शेजारी सौभाग्यवती, काचा वर, अभंग सुरू. पखवाजाची कणीक परत मिळाली होती. डाव्या तोंडाची थाप आली, भरली आणि वेळेवर थांबली. पुढच्या थापेच्या पायात पाय घालायला रेंगाळली नाही.

बाहेर उभ्या पुतण्याने काचेवर टकटक केली. मी काच चार बोटं खाली घेतली. "काका, इथे काहीच येत नाहीये. सिग्नलला कोणाला कळणार तुम्ही वूफर बसवलाय ते?"

"मला कळेल," मी ऐटीत म्हणालो आणि काच वर केली.

"मलाही कळतंय," डावीकडून आवाज आला, आणि नॉब डावीकडे फिरला. सील्ड बॉक्स आत बसणाऱ्याचा असतो हा माझा सिद्धांत शंभर टक्के बरोबर निघाला. आत दोघं बसतात एवढं सूत्रात घालायचं राहिलं होतं.