गोकुलधाम-विवाद-मीमांसा : अध्याय पहिला

प्रत्येक शास्त्राच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन या अनुबंधचतुष्टयाचा निर्देश करावा, अशी आपल्याकडील ग्रंथकारांची रीत आहे. तिला अनुसरून प्रथमच स्पष्ट करतो की, ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही दूरचित्रवाणी मालिका हा प्रस्तुत शास्त्राचा विषय नव्हे. ती नाट्यशास्त्राची बाब होय. त्या मालिकेतील विनोद आणि दिग्दर्शन यांविषयी तिच्याच भक्तांत अखंड चालणारा वाद, एवढाच आमचा विषय. अधिकाऱ्याचे लक्षण असे : जो मालिका पाहतो पण वाद घालत नाही, तो निव्वळ प्रेक्षक, जो वाद घालतो पण मालिका पाहत नाही, तो समीक्षक, उभयतांस या शास्त्रात प्रवेश नाही. जो पाहतो, पाहता पाहता वाद घालतो आणि त्यायोगे इतरांना संवाद ऐकू देत नाही, तोच अधिकारी. संबंध म्हणावा, तर प्रतिपाद्य-प्रतिपादकभाव हा नेहमीचाच. प्रयोजन अद्याप निश्चित झालेले नाही. परंतु तेवढ्यावाचून एखादे शास्त्र अडल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

मूलग्रंथ गुजराती. तारक मेहता यांनी १९७१ साली ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ हे सदर सुरू केले. त्यावरील दृश्य भाष्याचा आरंभ निर्माते असितकुमार मोदी यांनी सब वाहिनीवर २८ जुलै २००८ रोजी केला. या भाष्याने चार हजार भागांची मर्यादा ओलांडली असून समाप्तीचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. कालविभागाबाबत विद्वानांत दुर्मिळ एकमत आहे. २०१७ हे संधिवर्ष होय. त्या वर्षी १ मार्चला मूळ लेखकाचे निधन झाले. त्याच वर्षी नायक जेठालालचा मुलगा टप्पू याची भूमिका करणारा भव्य गांधी बाहेर पडला. आणि वर्षाच्या उत्तरार्धात, जेठालालची पत्नी दया साकारणाऱ्या दिशा वकानी प्रसूतीच्या रजेवर गेल्या, त्या मालिकेतील गोकुलधाम सोसायटीत पुन्हा नांदायला आल्या नाहीत. तेव्हापासून मालिका दिशाहीन झाली, हे मत सर्व संप्रदायांस मान्य आहे. म्हणून आम्ही येथून पुढे ‘दयापूर्व’ आणि ‘दयोत्तर’ या कालसंज्ञा योजू.

अधिकरण पहिले : विवादाचे लक्षण

‘ज्या भाषणात वक्ता मालिका पाहणे सोडल्याचे जाहीर करतो आणि त्याच श्वासात काल रात्रीच्या भागातील दोष तपशीलवार सांगतो, ते भाषण म्हणजे गोकुलधाम-विवाद.’ या लक्षणावर अव्याप्तीचा आक्षेप असा घेतला जातो, की काही जण सोडल्याचे जाहीर न करताही वाद घालतात. आक्षेप टिकत नाही. असे वादी केवळ पहिल्या आश्रमात आहेत. कालांतराने तेही जाहीर करतात. अतिव्याप्तीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण हेच लक्षण क्रिकेटच्या आणि महानगरपालिकेच्या चर्चेलाही लागू पडते. त्याचा परिहार ‘साडेआठ वाजता’ हे विशेषण जोडून होतो.

अधिकरण दुसरे : दयाभाव-विचार

हे या शास्त्राचे हृदय होय. दयोत्तर काळात जो काही वाद झाला, त्याचा बहुतांश ‘दया नाही’ या एका वाक्याच्या अर्थनिर्णयासाठी झाला आहे. नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. दयेचा अभाव त्यांपैकी कोणता, यावरून चार संप्रदाय निर्माण झाले.

१. प्रध्वंसाभाववादी. घट फुटल्यावर त्याचा जो अभाव होतो, त्याला आदि असतो, अंत नसतो. यांच्या मते दयेचा अभाव त्याच जातीचा. ती होती, गेली, विषय संपला. हा संप्रदाय संख्येने लहान व स्वभावाने कोरडा असून त्यास घरात फारसे कोणी बोलावीत नाही.

२. प्रागभाववादी. घट घडण्यापूर्वीचा त्याचा अभाव अनादी, पण सांत असतो; घट घडला की तो संपतो. दया येणारच, उशीर तेवढा आहे, असे हे मानतात. दया पूर्वी होती, मग तिचा अभाव अनादी कसा, असे विचारल्यास उत्तर येते की, इतकी वर्षे झाली, आता अनादीच म्हणायचे. यांचे प्रमाण मुख्यतः शब्द. दयेचा भाऊ सुंदरलाल अहमदाबादहून ‘बहेना’ला घेऊन येण्याचे वचन देतो, सोसायटी तोरणे बांधते आणि ती येत नाही. शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त असावा लागतो. सुंदरलाल जेठालालचा आप्त आहे, परंतु न्यायशास्त्राच्या अर्थाने नव्हे. तो अहमदाबादेहून टॅक्सीने येतो आणि भाडे मेहुण्याकडून देववितो. यावर प्रागभाववाद्यांचा तोडगा सूक्ष्म आहे. सुंदरलालची भूमिका करणारे मयूर वकानी हे दिशा वकानी यांचे सख्खे बंधू. तेव्हा पात्र अविश्वसनीय असले तरी नट आप्त ठरतो. या युक्तिवादाचे खंडन आजवर कोणास जमलेले नाही. फक्त अनुभवाने ते होत राहते.

३. अन्योन्याभाववादी. घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. उद्या दुसरी अभिनेत्री दयेच्या साडीत उभी राहिली तरी ती दया नव्हे, असे यांचे म्हणणे. यांच्या दृष्टीने परतीची बातमी ही न परतण्याच्या बातमीपेक्षा अधिक भयावह असते.

४. अत्यंताभाववादी. वायूत रूप कधीच नव्हते, नाही, नसेल. तसाच मालिकेत विनोद कधीच नव्हता, दया होती तेव्हाही नव्हता. हा नास्तिक संप्रदाय बहुधा महाविद्यालयीन वयोगटात आढळतो आणि परीक्षेच्या काळात, जेवताना, जुने भाग पाहताना पकडला जातो.

चौघांनाही न सुटलेली अडचण दयेच्या आईची आहे. ही विदुषी दूरध्वनीच्या पलीकडून जावयाच्या संसाराचे नियमन करीत आली. तिचे मुखदर्शन प्रेक्षकांस कधीच घडले नाही. तरी ती नाही, असे कोणीही म्हणत नाही, उलट तिच्या विनोदाची तक्रार आजवर ऐकू आलेली नाही. न दिसणारी आई ‘आहे’ आणि न दिसणारी मुलगी ‘नाही’, हा भेद कोणत्या हेतूने करावा? आमचे मत असे की, जिचे येणे कधी अपेक्षितच नव्हते तिचा अभाव ज्ञात होत नाही. अनुपलब्धीला आधी उपलब्धीची सवय लागते.

अधिकरण तिसरे : हास्यभेद

भरतमुनींनी स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा भेद सांगितले. दयापूर्व काळास ते पुरेसे होते. दयोत्तर काळासाठी दोन भेदांची भर घालणे आम्हांस भाग आहे. स्मृतहसित म्हणजे ‘येथे आपण पूर्वी हसत असू’ या जाणिवेने उमटणारे हास्य. आणि अनुहसित म्हणजे आजोबा हसले म्हणून नातवाने व नातू हसला म्हणून आजोबांनी केलेले हास्य, ज्याचा मूळ कर्ता सापडत नाही.

विनोदविषयक वाद मूलतः पुनरुक्तीचा आहे. पत्रकार पोपटलाल ‘दुनिया हिला दूँगा’ म्हणतो आणि दुनिया हलत नाही. अंजली आपले पती मेहतासाहेब यांस कारल्याचा रस देते. जेठालाल संकटात सापडतो व मेहतासाहेबांना आपली ‘फायर ब्रिगेड’ म्हणून पाचारण करतो. कोणीतरी अर्धे वाक्य ऐकतो आणि त्यावरून संपूर्ण सोसायटी आठवडाभर व्याकूळ होते. यास आम्ही अर्धश्रवणन्याय म्हणतो. दोषवादी म्हणतात, पुनरुक्ती हा काव्यदोष. जपवादी उत्तर देतात की, संध्येतील मंत्र रोज बदलत नाहीत आणि म्हणून कोणी संध्या जुनी झाल्याची तक्रार करीत नाही. येथे आम्ही जपवाद्यांच्या बाजूने आहोत, परंतु त्यांच्या दृष्टांतात एक व्यंग आहे : संध्या बहुतेकांनी सोडलेली आहे.

अधिकरण चौथे : मुखपरिक्रमा

आता दिग्दर्शन. दिग्दर्शनाविषयी भक्त जे जे बोलतात, ते सर्व एकाच क्रियेविषयी असते. एखादे धक्कादायक वाक्य उच्चारले गेल्यावर कॅमेरा उपस्थित प्रत्येक रहिवाशाच्या चेहऱ्यावर आळीपाळीने जातो, प्रत्येकास एक दचका आणि एक ध्वनी बहाल करतो, आणि मग पुढच्याकडे वळतो. हिला आम्ही मुखपरिक्रमा म्हणतो. भिडे, माधवी, सोढी, रोशन, अय्यर, बबिता, हाथी, कोमल, पोपटलाल : देवळाच्या प्रदक्षिणेत उपदेवता असाव्यात, तसे हे क्रमाने लागतात.

लंघनवादी म्हणतात की, परिक्रमेत भागाचा मोठा वाटा संपतो आणि कथा जागीच राहते. परिक्रमावाद्यांचे उत्तर व्यावहारिक आहे. परिक्रमा नसती, तर आमटी पुन्हा वाढायला स्वयंपाकघरात गेलेल्या गृहिणीस परत येईपर्यंत किती कथेस मुकावे लागले असते? दिग्दर्शकाने येथे प्रेक्षकाच्या पानाचा विचार केला आहे, असे हे मानतात. मालिकेचे दिग्दर्शक बदलत गेले, आरंभीचे धर्मेश मेहता गेले, दीर्घकाळ धुरा वाहणारे मालव राजदाही गेले, परिक्रमा राहिली. यावरून काही विद्वान तिला अपौरुषेय मानतात.

अधिकरण पाचवे : पात्रांतर

भव्य गांधींनंतर राज अनाडकट आणि त्यानंतर नीतीश भलूनी, असे टप्पूचे तीन अवतार झाले. मालिकेतील खुद्द तारक मेहता २०२२ पर्यंत शैलेश लोढांच्या देहात होते, आता सचिन श्रॉफ यांच्या देहात आहेत. डॉक्टर हाथींचे उदाहरण चक्रीय आहे : निर्मल सोनींकडून ते कवी कुमार आझादांकडे गेले आणि आझादांच्या निधनानंतर पुन्हा सोनींकडे परतले. नागसेनाने मिलिंद राजास विचारले होते की, रथ म्हणजे आस की चाके की जू? तोच प्रश्न गोकुलधामाविषयी विचारला असता भक्त क्षणाचाही विलंब न लावता उत्तरतो : रथ म्हणजे दिलीप जोशी. याला जेठालाल-प्रामाण्यवाद म्हणतात. त्याचे खंडन करण्यास कोणीही उत्सुक नाही.

याच ठिकाणी कार्यकारणभावाची एक गाठ सांगून ठेवतो. जेठालालचे पिता चंपकलाल साकारणारे अमित भट्ट वयाने दिलीप जोशींहून लहान आहेत. कार्य कारणाच्या आधी जन्मल्याचे हे एकमेव ज्ञात उदाहरण. सांख्यांनी याचा विचार करावा.

अधिकरण सहावे : भिडे-प्रकरण

महाराष्ट्रीय संप्रदायास हे प्रकरण विशेष प्रिय आहे, आणि तोच त्याचा दोष. गोरेगाव पूर्वेची सोसायटी. तिचे सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे, शिकवण्या घेणारे. पत्नी माधवी, लोणची-पापडाचा व्यवसाय करणारी. सखाराम नावाची स्कूटर. ही भूमिका मंदार चांदवडकर यांची, माधवी सोनालिका जोशी यांची. पहिला पक्ष अभिमानवादी : बहुभाषी इमारतीत नियम पाळणारा एकटाच, आणि तो मराठी. दुसरा पक्ष अपमानवादी : पैशापैशाचा हिशेब ठेवणारा एकटाच, आणि तोही मराठी. दोन्ही पक्ष एकाच पुराव्यावर उभे आहेत, एवढेच नव्हे तर पुष्कळदा एकाच सोफ्यावर. तिसऱ्या, तटस्थ पक्षाचे म्हणणे असे की, भिडे हे मराठी मनुष्याचे चित्र नसून गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाचे आहे, आणि सचिवाला मातृभाषा नसते, केवळ सूचनाफलक असतो. आम्हांस हे मत ग्राह्य वाटते. आमच्या सोसायटीच्या सचिवांनाही ते वाटते, परंतु त्यांनी ते लेखी देण्यास नकार दिला.

प्रकरणाची खरी कोंडी मालिकेच्या मराठी रूपाने झाली. ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने ‘फक्त मराठी’ वाहिनीवर ती मराठीत डब होऊन आली. हिंदीत भिडे स्वतःस सोसायटीचा ‘एकमेव सेक्रेटरी’ म्हणवतात, तेव्हा त्या एका मराठी शब्दात त्यांचे सारे वेगळेपण असते. मराठी रूपात जेठालाल मराठी, सोढी मराठी, अय्यरही मराठी. जेथे सर्वच भिडे, तेथे भिडे कोण? अभिमानवादी व अपमानवादी या प्रश्नावर प्रथमच एकत्र आले आणि त्यांनी वाहिनी बदलली.

उरलेले प्रश्न थोडक्यात नोंदवतो. जुने भाग दिवसभर पुनःप्रक्षेपित होत असल्याने दुपारी दया गरबा करीत असते आणि रात्री त्याच घरात तिची वाट पाहिली जाते. हा अभाव प्रहराप्रमाणे बदलणारा मानावा काय? बबिताविषयीचा जेठालालचा भाव शृंगाराभास की भक्ती? आणि पोपटलालच्या पत्नीचा अभाव, जो निःसंशय अनादी आहे, तो सांत आहे काय? यांपैकी पहिल्या दोहोंचे विवेचन दुसऱ्या अध्यायात येईल. तिसऱ्याबाबत ठाम विधान करण्याइतपत सामग्री आज उपलब्ध नसल्याने, दुसरा अध्याय पोपटलालच्या विवाहानंतर प्रसिद्ध करण्याचे योजिले आहे.