कॅलरीकाका

जरा जुनी सोसायटी असली की तिच्यात एक तरी कॅलरीकाका निघतातच. बहुधा वीज मंडळातून, नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर; तापाचा नव्हे, थेट 110 अंशांपर्यंत जाणारा. वाढदिवसाला त्यांच्यासमोर केक खायची सोय नाही. ''खाण्यातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, बरं का! अशा 80 कॅलरींत एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला येतं.'' तोंडात घास असलेल्या माणसाला आपण पोटात बंब पेटवतोय असं वाटायला लागतं.

काकांचं सूत्र एकच: वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातली वाढ. पाण्याची 4.18, लोखंडाची 0.45, तांब्याची 0.385 हे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ आहेत, असं काकूंचं म्हणणं.

समोरचा भाडेकरू मुलगा गीझर तासभर चालू ठेवतो हे कळल्यावर काका वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडूनच त्याच्या दारात हजर. ''15 लिटर पाणी, 20 चं 45 करायचंय. झाले 1,570 किलोज्यूल. 3,600 ला एक युनिट, म्हणजे अर्धंसुद्धा नाही! दोन किलोवॉटची कॉइल. तेरा मिनिटांत खेळ खलास.''

मुलगा टॉवेल गुंडाळून उंबऱ्यात उभा. ''समजलं, काका.''

''काय समजलं? सांग बरं.''

हिशेब चुकत नाही, हे मात्र मानलं पाहिजे. 'तांब्याचा बंबच निम्मी आच खातो' म्हणणाऱ्या तळमजल्यावरच्या आजींना त्यांनी कागदावर दाखवून दिलं, की दहा किलोचा रिकामा बंब जेवढी उष्णता घेतो त्याहून जास्त एकटं लिटरभर पाणी पितं. पाणी तापायलाही हट्टी आणि निवायलाही. कोकणात दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे सुटतात त्याचं एक कारण हेच. ही माहिती त्यांनी हरिहरेश्वरच्या सहलीत दिली, बसमध्ये, अंताक्षरीचा माइक हातात घेऊन. 'म' आला होता, एवढंच निमित्त.

खरी गोम घरात आहे. नातवाच्या आंघोळीला काका बादलीच्या कडीला सुतळीनं थर्मामीटर बांधतात. 60 अंशांचं दहा लिटर, 20 चं दहा लिटर. बरोबर 40 यायला हवं. येतं 38. मग बादलीनं किती घेतली, हवेत किती गेली, हे काढेपर्यंत 36. नातू उघडा कुडकुडत सगळी आकडेमोड ऐकतो. शेवटी काकू येतात, बोट बुडवतात, तांब्याभर कढत पाणी ओततात आणि पोराला न्हाऊ घालून मोकळ्या होतात. किती ओतलं हे त्यांना विचारलेलं अजिबात खपत नाही.

परवा काका जिन्यात कुणाला तरी गाठून तेरा मिनिटांचं गणित समजावत होते. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला, ''अहो, आपला गीझर सकाळपासून चालूच आहे!''

दुसरा कुणी बटणाकडे धावला असता. काका थबकले. ''थर्मोस्टॅट आहे गं त्याला,'' म्हणाले, ''पण टाकीतून बाहेर जाणारी उष्णता मी धरलीच नव्हती!'' खिशातून बिल काढलं, तर त्याची पाठ पार भरलेली.

''अगं, मागच्या महिन्याचं बिल टाक खाली!''