साडेचार भुंगे कसे टाळावेत : पालकांसाठी मार्गदर्शिका

पूर्वतयारी : हा विधी रात्री साडेनऊनंतर करावयाचा असतो. जेवणे झालेली असतात, आपण नुकतेच आडवे झालेले असता आणि पाल्य वही घेऊन उभे राहते. 'मला दहावीला गणितात पंच्याऐंशी होते' हे वाक्य आपण घरात आजवर शेकडो वेळा उच्चारलेले असल्यामुळे माघारीचा रस्ता बंद असतो. अशा वेळी चष्मा पुसावा. दोन मिनिटे मिळतात.

साहित्य : पेन्सिल, रद्दी कागद, खोडरबर. राग आणू नये, तो आपोआप येतो.

नमुना प्रश्न : भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला, म्हणजे इसवी सन ११५० चा. भुंग्यांच्या थव्यातल्या निम्म्या संख्येच्या वर्गमुळाइतके भुंगे मालतीकडे गेले. थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले. एक भुंगा वासाला भुलून रात्री कमळात अडकला. तो आत गुणगुणतो आहे आणि बाहेरून भुंगी साद देते आहे. तर थवा केवढा? 'ती त्याला बाहेर का काढत नाही?' असे पाल्याने विचारल्यास 'ते परीक्षेला नाही' असे सांगावे.

पायरी १. थव्याला क्ष म्हणावे. मालतीवरचे भुंगे, अधिक कमळातला एक, अधिक बाहेरची एक, म्हणजेच सगळा थवा :
√(क्ष/२) + ८क्ष/९ + २ = क्ष
पाल्याला हे √ चिन्ह भीतिदायक वाटेल. ते १५२५ साली जर्मन गणिती रुडॉल्फने छापले. भास्कराचार्यांचे त्याच्यावाचून अडले नव्हते. धीर देण्यासाठी एवढे पुरते.

पायरी २. मुळाला एकटे गाठावे. घरातल्या तापट काकांशी बोलायचे तर आधी बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत पाठवतात, तसे बाकीचे सगळे उजवीकडे धाडावे. क्षमधून आठ-नवमांश क्ष गेला, एक-नवमांश उरला. मग छेदातला ९ घालवण्यासाठी प्रत्येक पदाला ९ ने गुणावे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. त्या २ लाही. पंगतीत एकाला वाढायचे राहिले की पुढे सगळेच बिघडते.
९√(क्ष/२) = क्ष − १८

पायरी ३. दोन्ही बाजूंचा वर्ग करावा. येथे पाल्य (क्ष − १८)² बरोबर क्ष² − ३२४ असे लिहील. मधले ३६क्ष कुठे गेले, हे शांतपणे विचारावे. शांतपणे न जमल्यास पाणी प्यावे. छेद काढून मांडणी केली की २क्ष² − १५३क्ष + ६४८ = ० मिळते आणि त्याचे अवयव (क्ष − ७२)(२क्ष − ९) पडतात. उत्तरे दोन : ७२ आणि साडेचार.

बहुतेक पालक येथे वही मिटून 'शाब्बास' म्हणतात. साडेचार भुंग्यांचा थवा आठशे वर्षे पाळलेल्या गणितात कसा शिरला, हे कोणी विचारत नाही.

पायरी ४. पडताळा. 'पडताळा घ्या' ही सूचना पुस्तकात असते, पण तिला गुण नसल्याने तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपण पाहावे. वर्ग करण्याआधीच्या समीकरणात ७२ घातले तर डावीकडे ५४ आणि उजवीकडेही ५४. साडेचार घातले तर डावीकडे साडेतेरा, उजवीकडे उणे साडेतेरा. वर्ग करताना अधिक-उणे पुसले गेले आणि उणे बाजूचा एक आगंतुक पंगतीत येऊन बसला. तो पूर्ण संख्येत आला असता, तर अर्ध्या भुंग्यावरून त्याला ओळखताही आले नसते. म्हणून उत्तर दिसायला सभ्य असले, तरी मूळ समीकरणात घालूनच पाहावे.

पायरी ५. पुढच्या गणितात अपूर्णांकी घातांक आल्यास दचकू नये. ८ चा दोन-तृतीयांश घात म्हणजे आधी ८ चे घनमूळ २, मग त्याचा वर्ग ४. आधी वर्ग केला तरी चालते, पण आकडे उगाच फुगतात. उलट प्रश्न मात्र फसवा असतो. क्षचा दोन-तृतीयांश घात ४ असेल, तर पाल्य ८ लिहून झोपायला जाईल. उणे ८ सुद्धा चालतो : घनमूळ उणे २, त्याचा वर्ग ४. वर्ग करताना परका आत येतो आणि वर्गमूळ काढताना घरचाच माणूस बाहेर राहतो. दारावर दोन्ही वेळा उभे राहावे.

पायरी ६. छेदात क्ष असेल, तर तिथे शून्य तर येत नाही ना, हे पाहावे. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) याचे उत्तर ३ असे कोणीही सांगेल, आणि ३ घातल्याबरोबर दोन्ही छेद शून्य होतील. या समीकरणाला उकलच नाही. 'उत्तर नाही' हे उत्तर लिहायला पाल्य तयार होत नाही, कारण घरात आपण तसे कधी म्हटलेले नसते.

हे सगळे झेपत नसल्यास क्लास लावावा. त्यात कमीपणा नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या आरंभीच मठ काढला होता.

एकूण, भुंगे ७२. मात्र पडताळ्याची सवय लागलेले पाल्य एक दिवस आपल्या पंच्याऐंशीकडेही वळेल. दहावीची गुणपत्रिका आजच माळ्यावर टाकावी.